मीटरचे ओझे कोणाच्या शिरावर?

स्मार्ट मीटर ‘मोफत’ बसवून मिळेल, असे वीजग्राहकांस सांगितले जाते. ही दिशाभूल आहे. २०२१ च्या केंद्रीय योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्याला मीटरमागे किमतीच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये, यांपैकी कमी असेल तेवढेच अनुदान मिळते. उरलेला खर्च कंत्राटदार आज करील, वीजकंपनी तो हप्त्यांनी फेडील आणि अखेर तो ग्राहकाच्याच बिलात उतरेल. स्थिर आकारात मिसळला, तर श्रमिकाची खोली आणि धनिकाचे घर एकाच मापाने मोजले जाईल. वीजजाळे सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्या सुधारणेचा भार ऐपतीनुसार घेतलेल्या करांतूनच उचलला पाहिजे. वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत कार्यकर्त्यांनी लेखी हरकत नोंदवावी: मीटरचा खर्च वेगळा दाखवा आणि तो शासनाने सोसावा!