पासपोर्टाचं जानवं



आमच्या वस्तीतला एक पोरगा इंग्रजी घेऊन एम.ए. झाला. आता म्हणतो, "दादा, परदेशात जाऊन इंग्रजीचा मास्तर व्हायचं ट्रेनिंग घेतो." त्याची आई डोरलं विकायला निघालीय. म्हणून रात्रपाळी उतरून, केसांतला कापूसही न झटकता लिहायला बसलोय.

आधी ट्रेनिंग काय ते बघू. १९६२ साली लंडनमध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या नवरा-बायकोनं इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी छोटा कोर्स काढला. त्याच वाटेवर पुढं केंब्रिजचं सेल्टा सर्टिफिकेट आलं. चार आठवडे, किमान १२० तास. त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढं उभं राहून शिकवायचं. मागं बसून कुणीतरी चुका टिपतो.

मी कोर्सला नावं ठेवत नाही. त्यात शिकवतात की मास्तरानं कमी बोलावं, पोरांना जास्त बोलू द्यावं. गड्यांनो, शाळेत आपल्याला कधी कुणी बोलू दिलं? मागच्या बाकावर बसून आपण नुसती मान हलवली. ही विद्या चांगली आहे. ती घ्यावीच.

भांडण पुढं आहे. सर्टिफिकेट हातात आलं की बाजार विचारतो, जन्म कुठला? दक्षिण कोरियाचं बघा. तिथं इंग्रजी शिकवायचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यांची पदवी कुठल्याही विषयातली चालते. भारतीयाला २०१० च्या व्यापारी करारानं एक फट ठेवलीय, पण तिच्यातून शिरायला शिक्षकाचा परवाना लागतो. म्हणजे झाडपाल्याचं शास्त्र शिकलेला तो जन्मानंच मास्तर, आणि आमच्या एम.ए.नं पुन्हा परीक्षा द्यायची!

याला ते 'नेटिव्ह स्पीकर' म्हणतात. शब्द नवा, पण वास ओळखीचा आहे. विद्या कुणी द्यायची हे आईच्या पोटातच ठरवणाऱ्या मनूला आपण १९२७ साली महाडला जाळलं. तो इथं पासपोर्टाचं जानवं घालून उभा आहे.

१९६१ साली युगांडात मकेरेरेला इंग्रजी शिकवण्याबद्दल राष्ट्रकुलाची परिषद भरली. तिथून रूढ झालेली सूत्रं रॉबर्ट फिलिप्सननं १९९२ च्या आपल्या पुस्तकात एकेक करून उघडी पाडली. जन्मानं इंग्रजी बोलणारा तोच आदर्श मास्तर, हे त्यातलंच एक. फिलिप्सननं त्याला सरळ भ्रम म्हटलं. माझं म्हणणं त्याहून साधं: पोहायला मासा शिकवत नाही, बुडता बुडता शिकलेला माणूस शिकवतो.

पण दुसऱ्यावर दगड मारण्याआधी आपल्याकडे बघू. 'इस्कूल' म्हणणाऱ्या म्हातारीला आपल्याच बैठकीत हसणारे कोण? उच्चारावरून माणूस मोजणारा आंबेडकरवादी कसला? गोऱ्याच्या पायाचं तीर्थ घेणारा आणि भटाच्या पायाचं घेणारा, दोघांची कंबर सारखीच वाकलेली.

मग जावं की न जावं? बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. सावित्रीबाईंनी नगरला अमेरिकन मिशनरी फरारबाईंकडे शिकवायचं शिक्षण घेतलं आणि पुण्यात ज्यांना पाटी शिवू देत नव्हते त्यांच्या हातात पाटी दिली. परक्याकडून शिकणं ही गुलामी नाही. त्यानं मास्तर म्हटलं तरच मी मास्तर, ही गुलामी.

त्या पोराला मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, सेल्टा आता ऑनलाईनही होतो आणि सर्टिफिकेट तेच मिळतं. डोरलं गळ्यातच राहू दे. दोन, केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, अशा छोट्या कोर्ससाठी नाही. मास्तर घडवायलाही पैसा द्या, ही मागणी आपणच लावून धरायची. तीन, पहिले सहा तास आमच्या वस्तीत शिकव. विहारात फळा आहे, खडू मी आणतो.

मी मागच्या रांगेत बसेन. पण या वेळी नुसती मान हलवणार नाही. बोलणार. चुकत चुकत, मोठ्यानं.

जय भीम!