घास अडकतो तेव्हा...

"आमच्या घराण्यात कुणालाच कॅन्सर नव्हता, मग यांनाच कसा झाला, डॉक्टर?" अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक हमखास असे विचारतात. जनुके म्हणजे केवळ वाडवडिलांचा वारसा, हा समज त्यामागे असतो. तो अपुरा आहे.

जनुके जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखीच असतात. पण त्यांतील कोणती चालू आणि कोणती बंद, हे पेशीच्या कामानुसार ठरते. घरातले सगळे दिवे आपण एकदम लावत नाही, तसेच हे. कर्करोगात हा कारभार बिघडतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे 'पी-५३' हे जनुक आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या प्रकारात बहुतेक रुग्णांत बिघडलेले असते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे 'ई-कॅडहेरिन' हे प्रथिन कमी पडले की पेशी सुट्या होतात. भोवतालची जाळी विरघळवणारी विकरे जादा तयार होऊन त्यांना वाट करून देतात. त्यात अन्ननलिकेच्या भिंतीत रसवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि आतड्यासारखे बाहेरचे आवरण तिला नसते. त्यामुळे रोग लवकर पसरतो.

हा बिघाड बहुधा जन्मजात नसतो. तंबाखू, दारू आणि सुपारी तो घडवून आणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरविले आहे. ६५ अंशांहून अधिक गरम पेये बहुधा कर्करोगकारक असल्याचे २०१६ साली सांगितले. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पण तंबाखू-सुपारीची चंची अनेकांच्या कमरेला आहेच.

जनुकांच्या तपासण्या औषध निवडायला उपयोगी पडतात, त्या हव्यातच. परंतु माझे स्पष्ट मत असे की, आपल्या भागातल्या रुग्णाला त्याआधी वेळेवर दुर्बिणीची तपासणी मिळाली पाहिजे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी ती व्हावी. अन्ननलिका लवचिक असते; घास अडकू लागेपर्यंत गाठ बरीच वाढलेली असते. तरीही माणसे भाकरी दुधात कुस्करून खातात, मग पेजेवर येतात, पित्ताच्या गोळ्या घेत महिने काढतात. तोवर सुट्या झालेल्या पेशी थांबत नाहीत.

घास अडकत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि दुर्बिणीच्या तपासणीविषयी स्वतःहून विचारा.