बाळाची गोटी खाली उतरली नाही, तर हार्मोनची इंजेक्शनं किती कामाची?

बाळाला आंघोळ घालताना लक्षात येतं, की एका बाजूची गोटी हाताला लागत नाही. घरात कुणी म्हणतं, "मोठा झाला की उतरेल आपोआप." दुसरं कुणी सांगतं, "इंजेक्शनं घेतली की उतरते." पण इंजेक्शन कोणत्या बाळाला लागू पडेल, हे आधी सांगता येतं का? वाट बघण्यात ऑपरेशनची योग्य वेळ निघून जाऊ शकते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

नेमकं काय होतं?

गोटी म्हणजे वृषण. गर्भात ते बाळाच्या पोटात तयार होतं आणि जन्माआधी खाली पिशवीत उतरतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या साधारण १ ते ३ टक्के मुलांमध्ये ते उतरलेलं नसतं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. यातली अनेक वृषणं पहिल्या काही महिन्यांत आपोआप खाली येतात. सहा महिन्यांनंतर मात्र ती शक्यता फारच कमी होते.

इंजेक्शनांचा अनुभव काय सांगतो?

एचसीजी हे हार्मोन वृषणाला टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावतं. त्यामुळे वृषण खाली सरकेल, या आशेने १९३०च्या दशकापासून ते वापरलं गेलं. युरोपात नाकात मारायचा हार्मोनचा स्प्रेही वापरात आला.

निकाल मात्र निराशाजनक आहे. युरोपियन असोसिएशन ऑफ युरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार यश जास्तीत जास्त २० टक्के मुलांत मिळतं. त्यातल्याही जवळपास पाचव्या हिश्श्याची वृषणं पुन्हा वर जातात. म्हणजे १०० मुलांना उपचार दिले, तर कायमचा फायदा साधारण १६ जणांना. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०१४ मध्ये तर वृषण उतरवण्यासाठी हार्मोन वापरू नका, असंच सांगितलं.

अंदाज कुठे फसला?

वृषण जितकं खाली, तितकं ते उतरण्याची शक्यता जास्त, असं दिसलं होतं. पण इथेच गोम आहे. काही मुलांचं वृषण मुळात उतरलेलंच असतं. थंडीने किंवा हात लागताच ते तात्पुरतं वर जातं. याला रिट्रॅक्टाइल वृषण म्हणतात आणि त्याला सहसा उपचाराची गरज नसते. जुन्या अनेक अभ्यासांत अशी मुलंही मोजली गेली आणि यशाचा आकडा फुगला.

अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेललाही हाच नियम लागू आहे. तपासणीतच चूक झाली असेल, तर गणित कितीही हुशार असो, उत्तर चुकणारच.

मग हार्मोन कुठेच नको का?

तसं नाही. लिंगाची वाढ खूप कमी असेल, तर टेस्टोस्टेरॉनचे मोजके डोस देऊन वाढ होते का ते पाहतात. इथे पहिला छोटा कोर्सच पुढचा अंदाज देतो. वाढ नीट झाली नाही, तर शरीर हार्मोनला दाद देत नाही का, हे तपासावं लागतं. काही मुलांत त्यामागे जनुकीय कारण असतं.

लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असतं, त्याला हायपोस्पेडियास म्हणतात. त्यात काही सर्जन ऑपरेशनआधी टेस्टोस्टेरॉन देतात. लिंगाचा आकार वाढतो, पण ऑपरेशननंतरची गुंतागुंत त्याने कमी होते का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर हार्मोनच्या तपासण्या वृषण शरीरात आहे का, हे कळायला मदत करतात. नवजात बाळाच्या बाबतीत ही तपासणी तातडीने व्हायला हवी, कारण त्यामागे जिवावर बेतणारा हार्मोनचा आजारही असू शकतो.

उशीर झाला तर?

शरीराच्या आतल्या उष्णतेत वृषणातल्या पेशी कमी होत जातात आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. कॅन्सरचा धोकाही वाढतो. स्वीडनमधल्या सुमारे १७ हजार पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ वर्षांआधी ऑपरेशन झालेल्यांत वृषणाच्या कॅन्सरचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे सव्वादोन पट होता, तर त्यानंतर ऑपरेशन झालेल्यांत सुमारे साडेपाच पट. हा कॅन्सर मुळात दुर्मिळ आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण टाळाटाळही नको.

पालकांनी काय विचारावं?

सहा महिन्यांनंतरही गोटी खाली नसेल, तर लहान मुलांच्या सर्जनला दाखवावं. ऑपरेशन साधारण दीड वर्षाच्या आत व्हावं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. कुणी इंजेक्शनं सुचवली, तर तीन प्रश्न विचारावेत: ती कशासाठी आहेत? फरक पडला की नाही, हे किती दिवसांत कळेल? आणि त्यामुळे ऑपरेशन लांबणार तर नाही ना?