परवानगी सरल्यावर प्राण्यांचा सांभाळ

आपल्यापैकी अनेकांना नित्य टोचून घ्यावे लागणारे इन्शुलिन १९२१ साली टोरांटोत कुत्र्यांवरील प्रयोगांतून हाती आले. त्या काळी असे प्रयोग तपासणारी आजच्यासारखी समिती नव्हती. आता अमेरिकेत सरकारी आरोग्य-अनुदानावरील प्रत्येक प्राणिप्रयोगाला संस्थेच्या समितीची पूर्वमंजुरी लागते, आणि ती फार तर तीन वर्षे चालते. शास्त्रज्ञाने वेळेत नवी मंजुरी घेतली नाही, तर?

प्रयोग त्याच दिवशी थांबतो. औषध टोचणे नाही, प्रयोगासाठी रक्त काढणे नाही. पिंजऱ्यातील उंदराला मात्र कागदाची मुदत ठाऊक नसते. दाणापाणी, स्वच्छता, पशुवैद्याची तपासणी यांत एका दिवसाचाही खंड चालत नाही; शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्याचे वेदनाशामक तर मुळीच थांबवता येत नाही. म्हणून अनेक संस्था केवळ सांभाळापुरती वेगळी मंजुरी तयार ठेवतात आणि असे प्राणी तात्पुरते तिच्याखाली घेतात. घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना हा भेद समजावून सांगायला नको: उपचार थांबले तरी कूस बदलून देणे थांबत नाही.

मुदत उलटल्यावरही प्रयोग चालवला, तर त्याचा खर्च अनुदानातून घेता येत नाही. विसराळूपणाची ही शिक्षा मला रास्त वाटते. ती प्राण्याने भोगू नये, इतकेच. आपल्याकडेही प्रयोगाला समितीची मंजुरी लागतेच. शिवाय प्रयोगानंतरच्या देखभालीचा व पुनर्वसनाचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरावा, असा नियम आहे.