इतर अधिकार

बी. ए. झालेल्या मुलाने पुढे काय करावे, या प्रश्नाला मराठवाड्यात पूर्वी तीन उत्तरे असत : मास्तरकी, तलाठ्याची परीक्षा, आणि दोन्ही साधले नाही तर वकिली. अलीकडे चौथे उत्तर निघाले आहे. जुना विद्यार्थी बसस्टँडवर भेटला आणि "काय रे, सध्या काय चाललंय?" असे विचारले, की तो नजर जराशी बाजूला वळवून म्हणतो, "जागेचं बघतो, सर."

मराठी शिकवून पोट भरणारा माणूस असल्यामुळे मला या वाक्याचे फार कौतुक वाटते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे; पण बोलणारा जागा घेतो की विकतो, स्वतःची की दुसऱ्याची, याचा त्यातून काही थांग लागत नाही. शिवाय मुलगी बघायला जाणारे आणि जागा बघायला जाणारे यांच्यात साम्यही पुष्कळ. दोन्हीकडे पोहे खाऊन "कळवतो" म्हणणारेच अधिक.

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या वाटेवर इस्लापूर म्हणून गाव आहे. पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला जे वाचक पावसाळ्यात गेले असतील, त्यांनी या गावाच्या आसपास चहा घेतला असेल. तिकडचा माझा एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी या धंद्यात पडला. धंद्याला भांडवल तीन वस्तूंचे लागते : मोटारसायकल, मोबाइल आणि व्हिजिटिंग कार्ड. पहिल्या दोन त्याच्याजवळ होत्या, पैकी मोटारसायकलचे हप्ते चालू होते. तिसरीसाठी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, कार्डावर दलाल लिहिलं तर लोकं हासतेत. एखादा चांगला मराठी शब्द सांगा."

मी त्याला सांगितले की, दलाल या शब्दात हसण्यासारखे काही नाही. तो मूळचा अरबी. वाट दाखवणे, खूण दाखवणे असा अर्थ असलेल्या धातूपासून तो निघाला. कोर्टातली 'दलील' त्याच घराण्यातली. म्हणजे दलाल हा वाटाड्या. शब्द स्वच्छ आहे, तो वापरणाऱ्यांच्या हाताला काय लागले होते ते निराळे. वर्गात बसायचा तितक्याच शांतपणे त्याने हे सारे ऐकून घेतले आणि कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे छापून घेतले.

जमिनीच्या दलालापेक्षा आमच्या भागात गुरांचा दलाल जुना. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथला घोड्यांचा आणि जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. असल्या बाजारातला जुना रिवाज असा की, सौदा तोंडाने करायचा नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, आणि बोटे दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा कुणाला कळत नाही. रुमालाचा हा रिवाज जमिनीच्या धंद्यात अजून जिवंत आहे. दिसत नाही एवढेच. विकणाऱ्याला एक भाव सांगायचा, घेणाऱ्याला दुसरा, आणि मधली तफावत खिशात टाकायची. हिला 'वरचे' म्हणतात. उघड दलाली शेकड्याला एक-दोन. वरच्याला मात्र मर्यादा नाही.

शहरात हा रुमाल काढून टाकण्याचा प्रयत्न कायद्याने केला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात एकट्या माणसाला तिची फी दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षे. २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली जागा त्याने विकून द्यायची नाही आणि हिशेबाच्या वह्या ठेवायच्या. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी एजंटाचा शर्ट पाहण्याऐवजी त्याचा नोंदणी क्रमांक पाहावा, आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर ताडून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

पण इस्लापूरला फ्लॅट कुठला? तिथे सारा व्यवहार शेतजमिनीचा, आणि निव्वळ शेतजमिनीच्या दलालाला रेराची परीक्षा नाही. त्याची परीक्षा चहाच्या हॉटेलात होते.

धंद्यात नवा पडलेल्या मुलाला जो तो एकच उपदेश करतो : ओळखी वाढव. म्हणून हा माझा विद्यार्थी पहिले वर्षभर ओळखी वाढवत हिंडला. तहसिलातला कारकून, भूमापनवाला, मुद्रांक विकणारा, खताचा दुकानदार, बँकेचा शिपाई, दोन वकील, आणि सर्व पक्षांचे मिळून सात पुढारी. रस्ता कुठून रुंद होणार, कचेरी कुठे येणार, याची बातमी आधी ज्याच्या कानी पडते तो जिंकला, हे त्याला पक्के ठाऊक झाले. रोज चौदा-पंधरा कप चहा पोटात जाई. पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. सौदा एकही नाही.

आता ओळखी म्हटल्यावर इस्लापूरचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण ओळखीने जमीन कशी मिळते याचा धडा या मुलखाने फार पूर्वी गिरवला आहे. हे गाव मूळचे आजच्या नांदेड जिल्ह्यातले नव्हे. हैदराबाद संस्थानात ते आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा त्या कायद्यात 'बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ' असा वेगळा उल्लेख करून ते किनवट तालुक्याबरोबर तत्कालीन मुंबई राज्यात घातले गेले. सारा जंगलाचा मुलूख. गोंड, कोलाम, परधान, आंध यांच्या वस्तीचा. जंगल तोडून शेत तयार केले त्यांनी. पण शेताला पट्टा लागतो आणि पट्टा कचेरीत मिळतो, हे त्यांना सांगणारे कुणी नव्हते. रस्ते झाले, आगगाडी आली, आणि त्यांच्यामागून ज्यांची पटवाऱ्याशी ओळख होती अशी माणसे आली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत एका सकाळी दुसऱ्याच्या नावावर निघे.

आदिलाबादच्या गोंडांत याचा भडका उडाला. कोमाराम भीमच्या नेतृत्वाखाली ते उठले. १९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात तो पडला. त्यानंतर निजाम सरकारने या असंतोषाचे कारण शोधायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. हा मूळचा व्हिएन्नाचा. महायुद्धामुळे तो हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता, आणि गोंडांच्या मारलावाई गावात झोपडी बांधून राहिला. कारण त्याने लिहून ठेवले, आणि ते साधे होते : जमीन. आजच्या व्यापारी भाषेत सांगायचे तर ज्यांचे 'नेटवर्क' होते त्यांना ती मिळाली आणि ज्यांनी ती कसली त्यांचे नेटवर्क जंगलापाशी संपत होते.

पुढे कायदे झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देता येत नाही. विक्रीच नव्हे, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा, काहीच नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी, आणि बाकी सर्वांना त्याखेरीज शासनाची पूर्वमान्यता. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातून गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्याचाही कायदा झाला.

हे सारे सातबाऱ्यावर कुठे दिसते? वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी गावाकडचा सातबारा असेल. आपण त्यावर आजोबांचे नाव पाहतो, क्षेत्र पाहतो, हेक्टर-आरचे एकर-गुंठे करताना एकदा चुकतो आणि तो घडी घालून ठेवतो. त्यावर 'कुळ, खंड व इतर अधिकार' असा एक रकाना असतो. तिकडे कुणी बघत नाही. वास्तविक सगळी कादंबरी तिथे असते. सोसायटीचा बोजा तिथे, विहिरीतला चुलत्याचा हिस्सा तिथे, कुळ तिथे, आणि किनवटकडच्या पुष्कळ उताऱ्यांवर कलम ३६ व ३६-अ ची नोंदही तिथेच. माझ्या विद्यार्थ्याने वर्षभर ज्या ओळखी केल्या, त्यांतल्या एकानेही त्याला हा रकाना वाचायला शिकवले नाही. उलट तो कसा ओलांडावा हे मात्र तिघांनी सांगितले.

प्रसंग असा आला. सहस्रकुंडाच्या बाजूला चार एकर जमीन हवी म्हणून शहरातली एक मंडळी आली. राहण्या-जेवण्याची सोय करून पर्यटक आणावेत असा बेत होता. जमीन होती एका गोंड म्हाताऱ्याची. त्यालाही विकायची होती, कारण सून दवाखान्यात होती आणि दवाखाना थांबायला तयार नव्हता. मंडळींनी भाव केला चाळीस लाख. दोन टक्के म्हणजे ऐंशी हजार; मोटारसायकल सुटत होती. रकान्याचे काय, तर त्यावर तोडगा तयार होता : मंडळींचा ड्रायव्हर आदिवासी होता, कागद त्याच्या नावाने करायचा, पैसे आपले, ताबा आपला. याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. हॉटेलात याला 'ॲडजस्टमेंट' म्हणतात.

विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा त्याने एक वाक्य तयार करून आणले होते. "सर, मी कुठं काय घेतोय? मी फक्त ओळख करून देणार."

मी म्हटले, "अरे, पटवाऱ्याच्या वेळच्या माणसांनी तरी दुसरं काय केलं होतं?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण सर, म्हाताऱ्याला पैसा लागतो. त्याचं कसं?"

प्रश्न खरा होता, आणि शहरात बसून कायद्याची वाहवा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो टाळू नये. कायद्याने जमीन राखली. पण गिऱ्हाईक मोजके राहिले की भाव पडतो, आणि तो पडलेला भाव आजारपणात टोचतो. परवानगीचा अर्ज जिल्ह्याला जाऊन, शासनाकडे जाऊन परत येईपर्यंत सून कुणाच्या भरवशावर राहणार? सावकार मात्र त्याच संध्याकाळी दारात हजर असतो.

मंडळींना त्याने नाही म्हणून कळवले. त्यांनी त्याला चार शब्द सुनावले आणि गावातल्या दोन हॉटेलांत त्याचे नाव खराब केले. दोन महिने त्याचा फोन वाजला नाही. एक हप्ता थकला. त्या काळात तो करायला हवे ते काम करत होता. आदिवासीची जमीन आदिवासीला घेता येते. तेव्हा घेऊ शकेल असा आदिवासी कुठे आहे, हे शोधत तो गुड्या-गुड्यांवर फिरला. ज्या वस्त्यांवर त्याच्या सात पुढाऱ्यांपैकी एकही मतदानाखेरीज गेला नव्हता, तिथे याच्या ओळखी झाल्या. शेवटी किनवटकडचा एक गोंड शिक्षक मिळाला. त्याच्याजवळ एक एकराचेच पैसे होते, आणि भाव मंडळींच्या भावाच्या निम्म्याहूनही कमी. चार एकरांऐवजी एक गेला, तीन राहिले. सून घरी आली. म्हाताऱ्याने दलाली म्हणून पाच पायल्या तूर दिली. त्यातली एक पायली आमच्याकडे पोचली. डाळ चांगली शिजते.

आता त्याचे बरे चालले आहे. फार नव्हे, पण परगावचे लोक सौद्याआधी कागद पाहून द्यायला त्याला बोलावतात. बोथच्या काळातला उर्दू कागद निघाला, तर तो वाचणारे एक म्हातारे गृहस्थही त्याने गाठून ठेवले आहेत. इसार घेण्याआधी त्याचा एक नियम असतो : घरातल्या बहिणींना समक्ष भेटायचे. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राच्या दुरुस्तीने तो २००५ साली देशभर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यातल्या शंकाही मिटवल्या. तरी "बहिणी सही देतील हो, त्यांचं काही नाही" हे वाक्य प्रत्येक सौद्यात ऐकू येतेच. ते बहुधा भावाच्या तोंडचे असते.

सध्या त्याच्याकडे असेच एक प्रकरण आहे. सहा एकर जमीन, दोन भाऊ, तीन बहिणी. गिऱ्हाईक पुण्याचे, शेतकरी खातेदार, पैसे तयार. भावांना दिवाळीपूर्वी इसार हवा होता. विद्यार्थी मोटारसायकलवरून तिन्ही सासरी जाऊन आला. धाकटी म्हणाली, भाऊ म्हणेल तसे. मधलीने हिस्सा मागितला, रोख. थोरली भोकरला असते. तिने त्याला जेवायला वाढले, सातबारा चष्मा लावून नीट वाचला, आणि विहिरीच्या वरच्या बाजूला आंबा आहे तो अजून धरतो का, एवढेच विचारले. सहीबद्दल ती काहीच बोलली नाही. पुण्याचे गिऱ्हाईक रोज फोन करते. हा रोज त्यांना थांबा म्हणतो. थोरली भाऊबीजेला माहेरी यायची आहे.