कर्जाच्या वहींतील आपलें नांव

"आम्हीं कधीं कर्ज काढिलें नाहीं, मग कर्जाची वही आम्हीं कशाला पहावी?" असें म्हणणारे गृहस्थ पालकवर्गांत आम्हांस वारंवार भेटतात. आमच्या मतें, ज्यानें कर्ज काढिलें नाहीं त्यानेंच ती आधीं पहावी.

पूर्वीं सावकार ऋणकोचें तोंड पाहून, जामीन घेऊन पैसा देई. आज मोबाईलवर कर्ज देणाऱ्या संस्थेपुढें येतात ते पॅन व आधार यांचे क्रमांक आणि एक छायाचित्र. ह्यांच्या प्रती आपण कोठें कोठें वाटतों! भाड्याच्या खोलीसाठीं, सिमकार्डासाठीं, प्रवासांतील मुक्कामासाठीं. झेरॉक्सच्या दुकानांत बिघडलेली प्रत तर तशीच टाकून येतों. प्रतीवर 'अमुक कामापुरती' असें लिहून तारीख घालण्याचे कष्टहि कोणी घेत नाहीं. ती लबाडाच्या हातीं पडली, तर कर्ज तो घेतो आणि थकबाकीदार आपण ठरतों. पुढें मुलाच्या शिक्षणासाठीं बँकेंत अर्ज केला म्हणजे तें उघडकीस येतें, आणि प्रवेशाची मुदत तर कोणासाठीं थांबत नाहीं.

ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हायमार्क ह्या चार संस्था ही वही ठेवितात. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें २०१७ पासून प्रत्येकीस वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. चारी एकदम न मागवितां दर तीन महिन्यांनीं एक मागवावा, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. आपलाच अहवाल पाहिल्यानें पत घटते, ही समजूत खोटी आहे. ३०० ते ९०० मधील त्या आंकड्याचें लोकांस कोण कौतुक! पाहावयाचें तें न काढिलेलें कर्ज, अनोळखी पत्ता आणि आपण न केलेल्या अर्जाची चौकशी. ह्या चौकशीच्या नोंदींत चोराचें पाऊल पुष्कळदां प्रथम उमटतें. तसें आढळल्यास त्या संस्थेकडे व कर्ज देणाऱ्याकडे लेखी हरकत घ्यावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दर दिवशीं १०० रुपये भरपाई मागतां येते. फसवणुकीची वर्दी १९३० ह्या क्रमांकावर द्यावी.

अहवाल इंग्रजींत असल्यामुळें वडील मंडळी कंटाळतात. मुलांचें प्रगतिपुस्तक तीं ओळ न ओळ वाचितात. ह्या सुटींत मुलांनीं शेजारीं बसून वडिलांचें हें प्रगतिपुस्तक वाचावें. आणि आजोबांचेंहि मागवावें. पेन्शनीच्या कामीं त्यांच्या कागदांच्या प्रती सर्वांहून अधिक फिरलेल्या असतात.