व्हिंटेज घड्याळ आणि आउटडेटेड आजोबा

परवा नातू मला म्हणाला, “आजोबा, तुम्ही अगदी आउटडेटेड आहात!” राग आला नाही, पण गंमत वाटली. कारण त्याच संध्याकाळी माझ्या वडिलांचं चावीचं घड्याळ हातात घेऊन हाच पठ्ठ्या ‘काय व्हिंटेज आहे!’ म्हणत होता. घड्याळ माझ्यापेक्षा वयानं मोठं. मग ते व्हिंटेज आणि मी आउटडेटेड कसा?

इंग्रजीत जुनेपणाला शब्द पुष्कळ. पण त्यांत वर्षांपेक्षा गिऱ्हाईक पाहिलेलं असतं. ‘व्हिंटेज’ मूळचा द्राक्षमळ्यातला, द्राक्षांच्या हंगामाचा. उत्तम सालच्या वाइनचं कौतुक करता करता तो मोटारींना लागला. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’चा मान दिला. ज्याला गिऱ्हाईक नाही, ते ‘ऑब्सोलीट’.

बँकेत आमचा शब्द होता ‘स्टेल चेक’, म्हणजे मुदत उलटलेला. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाली. असे कितीतरी चेक मी परत केले. पण ‘स्टेल’ हा एके काळी स्तुतीचा शब्द होता, हे फार उशिरा कळलं. जुन्या इंग्रजीत, बरेच दिवस ठेवून गाळ खाली बसलेल्या, निवळलेल्या बिअरला ‘स्टेल’ म्हणत. जे मुरलेलं होतं, तेच पुढं शिळं ठरलं!

नातवाला मी रागावलो नाही, त्याला कारण आहे. माझे वडील घरखर्चाची वही मोडीत लिहीत. नव्यानं अधिकारी झालेला मी एकदा म्हणालो, “अण्णा, हे आता ऑब्सोलीट झालं.” त्यांनी वही मिटली. पुन्हा कधी माझ्यासमोर उघडली नाही. आज ती माझ्या कपाटात आहे. मला मोडी येत नाही आणि वाचून दाखवायला अण्णा नाहीत.

वस्तूंचे शब्द खुशाल वस्तूंना लावावेत, माणसांना लावताना जरा थांबावं. आपल्या ‘वृद्ध’ शब्दाच्या मुळाशी वाढणं आहे, संपणं नाही. आणि बँकेतला माणूस म्हणून सांगतो, चेकची तारीख उलटली म्हणून खात्यातली रक्कम कुठं जात नाही. काढणाऱ्यानं नवी तारीख घालून सही केली, की तोच चेक पुन्हा चालतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसून “हे तुम्ही कसं करत होता?” एवढं विचारणं, ही ती सही.